अंबाडीला इंग्रजीत काय म्हणतात

सुरतेत कोर्टाच्या आवाराबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याखाली, श्रीरंग देवरे यांचे टेबल होते. टेबलावर इंग्रजी टाइपरायटर, त्याच्या शेजारी तीन शब्दकोश आणि पायाशी एक पत्र्याची पेटी. १९८९ पासून टाइप केलेल्या प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत या पेटीत वर्षवार बांधून ठेवलेली असे. इतके कागद कशाला सांभाळता, असे कोणी विचारले की श्रीरंगभाऊ म्हणत, "उद्या कोणी म्हणालं, श्रीरंगनं असं लिहिलंच नव्हतं, तर?" असे आजवर कोणी म्हटले नव्हते. १९९७ च्या भाद्रपदात नेमके उलटे झाले. त्यांनी जे लिहिले होते तेच भर कोर्टात मोठ्याने वाचले गेले, आणि त्यापायी एक माणूस तुरुंगातून सुटायचा राहिला.

श्रीरंगभाऊ मूळचे पारोळा तालुक्यातले. १९७९ साली ते सुरतेतल्या लिंबायत वस्तीत आले आणि दहा वर्षे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले. लूमच्या खडखडाटाने डावा कान गेला, तेव्हा उजवा शाबूत आहे तोवर दुसरे काहीतरी शिकावे, या हिशेबाने त्यांनी टायपिंगचा क्लास लावला. खानदेशी माणसाला सुरतेत रेशनकार्डापासून घटस्फोटापर्यंत कशासाठीही अर्ज करायचा असला की त्याची गाठ तीन भाषांशी पडे. कचेरीची भाषा गुजराती, कायद्याची इंग्रजी आणि घरची अहिराणी. या तिघींना एका कागदावर भांडण न होऊ देता बसवायचे, हा श्रीरंगभाऊंचा धंदा. अंदाजाने शब्द लिहायचा नाही, हा त्यांचा नियम होता. शब्द अडला की अर्जदाराला समोर बसवून ठेवत आणि कोश उघडत. लोक कंटाळत, चहा पिऊन येत. पण त्यांच्याकडचा अर्ज चुकीच्या शब्दासाठी परत आला असे आठ वर्षांत एकदाही झाले नव्हते, आणि ही गोष्ट ते कोणी न विचारताच सांगत.

त्या सोमवारी सकाळी सरलाबाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. सरलाबाईचा नवरा भटू बोरसे हा श्रीरंगभाऊंच्या जुन्या लूमवरचा सोबती. हल्ली तो पलसाण्याला हायवेलगतच्या एका बंद पडलेल्या डाइंग युनिटच्या जागेवर रखवालदार होता.

"श्रीरंगभाऊ, ह्यासले पोलीस लई ग्यात."

"कशासाठी?"

"आंबाडीसाठी."

आता उजव्या कानानेही दगा दिला, असे श्रीरंगभाऊंना वाटले. त्यांनी मान पुढे केली. "कशासाठी म्हणालात, वहिनी?"

"आंबाडी हो! भाजीनी आंबाडी! पोलीस म्हनतस, हाऊ गांजा शे."

मग सरलाबाईने जे सांगितले ते श्रीरंगभाऊंनी आधी मराठीत क्रमवार उतरवून घेतले. त्यातला बराचसा भाग पुढे पंचनाम्यातही तसाच सापडला, एवढी तिची आठवण पक्की होती.

भटूने त्या जागेच्या मागच्या भिंतीलगत तीन वर्षांपासून अंबाडी लावली होती. गावाकडे कपाशीच्या बांधाला असते तशी. पाने भाजीला आणि खोडाची साल दोराला. साल पाण्यात कुजवून, धुऊन तिचा वाख काढायचा आणि बसल्या जागी दोर वळायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. लिंबायतचे लूमवाले त्याच्याकडून दोर नेत, कारण ताण्याच्या बीमला वजन टांगताना नायलॉनचा दोर घसरतो आणि अंबाडीचा धरून राहतो. पण त्याच्या अंबाडीला खरा मान ऋषिपंचमीला. त्या दिवशी बायकांना बैलाच्या कष्टाचे काही खायचे नसते. भाजी हाताने खणलेल्या जमिनीतलीच लागते. गावी परसात ती मिळते. सुरतेच्या बाजारात भाजीवाल्याला "याला बैल लागला होता का?" असे विचारायची सोय नाही. भटूच्या वाफ्याला मात्र कुदळीशिवाय काही लागलेले नव्हते, आणि ही बातमी लिंबायतच्या चार गल्ल्यांत पसरलेली होती. म्हणून पंचमीच्या आदल्या दिवशी अकरा बायका टेम्पोने पलसाण्याला गेल्या आणि पिशव्या भरभरून पाने खुडून निघाल्या.

हायवेवर नाकाबंदी होती. पोलिसांनी टेम्पो थांबवून पिशवी उघडली. आत पाच बोटांची, करवती कडांची हिरवी पाने. एका पिशवीत तेच, दुसरीत तेच, अकराही पिशव्यांत तेच. नाकाबंदीवरचे फौजदार दुसऱ्या जिल्ह्यातून नुकते बदलून आलेले होते आणि अंबाडी त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. गांजाच्या पानाचे चित्र मात्र त्यांनी प्रशिक्षणात पाहिलेले होते. त्यांनी बायकांना विचारले, हे कुठून आणले. अकरा बायकांनी एकदम उत्तर द्यायला सुरुवात केली. त्यांतून जागेचा पत्ता तेवढा वेगळा काढून फौजदारांनी बायकांना घरी पाठवून दिले.

"मग ह्यासले इचारं, आ शुं वाव्युं छे," सरलाबाई म्हणाली. "ह्या म्हनले, साहेब, आंबाडी. चावून पहा, आंबट लागंस. साहेब म्हने, हवे हुं पुरावो खाउं? मग ह्यासनी सोताच दोन पानं खाल्ली."

"खाल्ली?"

"हां. तेबी लिखी लिधं त्यासनी."

ते खरेच लिहिले होते. आरोपीने पंचांसमक्ष पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न केला, असे पंचनाम्यातले वाक्य श्रीरंगभाऊंनी दुसऱ्या दिवशी स्वतः वाचले. उपटलेली रोपे तीनशे बारा, सगळी फुलाआधीची. नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवलेले. अहवाल यायला दोन-तीन महिने लागतील, असे कळले.

जामीन अर्जाचे काम देसाई वकिलांनी घेतले. देसाईंची श्रीरंगभाऊंवर भिस्त होती. मजकूर सांगून ते पुढच्या कोर्टात धावत आणि परत येईपर्यंत अर्ज तयार असे. या वेळी ते जाता जाता म्हणाले, "अंबाडी म्हटलं तर साहेबांना कळणार नाही. इंग्रजी नाव टाका. शास्त्रीय पण टाका. वजन पडवुं जोईए."

श्रीरंगभाऊंनी मराठी-इंग्रजी कोश उघडला. शब्द सापडला तेव्हा त्यांना झालेला आनंद खरा होता, हे नोंदवलेच पाहिजे. अंबाडी: डेक्कन हेम्प. पुढे शास्त्रीय नाव, हिबिस्कस कॅनाबिनस. त्यांनी स्पेलिंग दोनदा ताडून पाहिले आणि टाइप केले: सदर रोपे गांजाची नसून अंबाडीची, म्हणजेच डेक्कन हेम्पची, शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, आहेत. देसाई धावत आले, शेवटच्या पानावर सही केली आणि धावत गेले.

सुनावणीला श्रीरंगभाऊ मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकील उभे राहिले, त्यांनी अर्जातले ते एक वाक्य सावकाश वाचले, मग कायद्याचे पुस्तक उघडले.

"साहेब, अंमली पदार्थांच्या कायद्यात व्याख्या आहे: कॅनाबिस, आणि कंसात हेम्प. अर्जदार स्वतःच लिहून देतो की रोपे हेम्पची आहेत. शास्त्रीय नाव सांगतो, त्यातही कॅनाबिस ऐकू येतं. आता आम्ही सिद्ध करायचं काय उरलं?"

बाकांवर हशा पिकला. देसाई गडबडले. त्यांनी ऋषिपंचमीबद्दल काही सांगायचा प्रयत्न केला, पण बैल न लावलेल्या भाजीचा मुद्दा गुजरातीतून इंग्रजीत जाईपर्यंत त्यातला जीव गेला. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत जामीन देता येणार नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. त्यांच्यापुढचा कागद पाहता त्यांनी वेगळे काही करायला हवे होते, असे म्हणता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात देसाईंनी फाइल श्रीरंगभाऊंच्या छातीशी धरली. "श्रीरंगभाई, आ शुं लखी नाख्युं? मी वजन पडायला सांगितलं होतं. ते आपल्याच माणसाच्या डोक्यावर पाडलंत!"

"वकीलसाहेब, कोशात तेच आहे."

"कोशाला जामीन थोडाच पाहिजे आहे!"

सरलाबाई दोन पावलांवर उभी होती. इंग्रजी तिला कळले नव्हते, चेहरे कळले होते. श्रीरंगभाऊंना त्या क्षणी पुष्कळ काही सांगता आले असते: अहवाल नाही, तारीख पुढची पडली, कोर्टाचे असेच असते. त्यांच्या टेबलासमोर बसलेल्या माणसांना वकील रोज तेच सांगत. ते म्हणाले, "वहिनी, चूक माझी आहे. मी अंबाडीचं जे इंग्रजी नाव लिहिलं, तेच नाव कायद्यात गांजाला आहे."

सरलाबाई एक पाऊल पुढे आली. मग तिने विचारले, "पन भाऊ, तुमीन खरं नाव लिखं ना?"

"खरंच लिहिलं."

"मंग चूक कशी?"

 भटू आत होता आणि तो एका बरोबर शब्दामुळे आत होता. जो शब्द बरोबर असूनही चुकतो त्याचे काय करायचे, हे त्यांच्या आठ वर्षांच्या नियमात बसत नव्हते.

घरी बायकोने, वत्सलाबाईंनी, त्यांच्यापुढे भाकरी ठेवली आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. त्यांनाही पंचमीची भाजी भटूच्या वाफ्यातूनच येणार होती. ती पिशवी पोलिसांनी नेली होती आणि त्याचा राग अजून गेलेला नव्हता.

"तुमच्या त्या पुस्तकानं कधी अंबाडीची भाजी खाल्लीय का?" त्या म्हणाल्या.

"पुस्तक कसं खाईल?"

"मग त्याला काय विचारता? माझ्या माहेरी चौघा काकांना सगळं गाव अप्पाच म्हणायचं. जमीन मोजायला सर्व्हेअर आला आणि म्हणाला, अप्पा कोण? चौघं उठून उभे राहिले. त्याला म्हणावं, बाबा, अप्पा हे नाव नाही, हाक आहे. नाव सातबाऱ्यावर बघ."

श्रीरंगभाऊंनी भाकरी तोडता तोडता हात थांबवला. बायकोने आपल्याला टोमणा मारला की मुद्दा सांगितला, हे लग्नाला अठरा वर्षे होऊनही त्यांना लगेच ओळखता येत नसे. हा मुद्दा होता.

दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस ते दुपारी टेबल बंद करून ग्रंथालयात जाऊ लागले. आधी त्यांनी वनस्पतींचे जुने कोश मागवले आणि हेम्प ही हाक कोणाकोणाला मारली जाते याची यादी केली. फिलिपाइन्समध्ये दोर वळतात ते झाड केळीच्या जातीचे. ते मनिला हेम्प. आपल्या बांधावरचे घायपात. ते सिसल हेम्प. ताग, ज्याला गुजरातीत शण म्हणतात, तो सन हेम्प. अंबाडी डेक्कन हेम्प. आणि भांगेचे झाड, ज्याचा गांजा होतो, ते नुसतेच हेम्प. या पाचांचे एकमेकांशी काही नाते नव्हते. ज्या ज्या झाडापासून दोर निघाला त्याला इंग्रजांनी एकाच नावाने हाक मारली होती. कॅनाबिनस या शास्त्रीय शब्दाचाही अर्थ निघाला, तो 'भांगेसारखा दिसणारा'. सारखा दिसणारा म्हणजे तोच नव्हे, हे श्रीरंगभाऊंनी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केले आणि ग्रंथपालांची बोलणी खाल्ली.

मग कायदे. इथे खरे तर त्यांना इतक्या खोलात जायची गरज नव्हती, पण एकदा हात पोळलेला माणूस थंड भांडेही फडक्याने उचलतो तसे त्यांचे झाले होते. वस्त्रोद्योगाची मासिके, वर्तमानपत्रांची कात्रणे, संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा मसुदा, जे मिळेल ते त्यांनी वाचले. कागदावर तीन रकाने आखले: देश, काय बंद, काय चालू. फ्रान्समध्ये धाग्यासाठी भांगेच्या झाडाची शेती कधी थांबलीच नव्हती. इंग्लंडने चार वर्षांपूर्वी तिला परवाने द्यायला सुरुवात केली होती, जर्मनीने गेल्याच वर्षी बंदी उठवली होती, आणि कॅनडात त्यावर विचार चालू होता; अट एवढीच, की झाड नशा न चढणाऱ्या वाणाचे हवे. अमेरिकेबद्दल दोन कागद दोन गोष्टी सांगत होते. एक म्हणे, शेती कायद्यानेच बंद. दुसरा म्हणे, कायद्यात परवाना आहे पण तो कोणाला मिळत नाही. कोणता बरोबर हे ठरवता न आल्याने त्यांनी दोन्ही उतरवून पुढे प्रश्नचिन्ह घातले. चीनमध्ये धागा निघत होता, हॉलंडचा मामला निराळाच होता. आणि घरचे पाहावे, तर काशीला भांगेची सरकारी परवान्याची दुकाने होती, गुजरातेत भांगेलाही दारूबंदीच्या कायद्याने मनाई होती, आणि ज्या केंद्रीय कायद्याखाली भटू आत होता त्याच कायद्यात सरकारला धाग्यासाठी आणि बियांसाठी भांगेच्या शेतीला परवानगी देण्याची मुभा होती.

नवव्या दिवशी त्यांनी रकाने परत परत वाचले. देश वेगळे, शिक्षा वेगळ्या, मनाई वेगळी. पण एकही कायदा नुसत्या हाकेवर चालत नव्हता. प्रत्येक जण विचारत होता, झाड कोणते आणि त्याचा भाग कोणता. तेव्हा त्यांनी आपल्या कायद्याचे पुस्तक पुन्हा उघडले. सरकारी वकिलांनी वाचलेल्या व्याख्येच्या लगेच खाली पुढचे कलम होते. त्या दिवशी ते कोणीच वाचले नव्हते, श्रीरंगभाऊंनीही नाही. कॅनाबिसचे रोप म्हणजे कॅनाबिस या प्रजातीतले कोणतेही रोप.

अंबाडीची प्रजाती हिबिस्कस. जास्वंदीची.

"सातबारा सापडला," त्यांनी घरी येऊन वत्सलाबाईंना सांगितले.

देसाईंनी ते कलम वाचून कपाळावर हात मारला आणि दुसऱ्याच दिवशी श्रीरंगभाऊंना घेऊन एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गायत्रीबेनकडे गेले. गायत्रीबेन स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"मी पानावरून सांगेन. देठाला काटे आहेत, पान आंबट आहे, अंबाडीच आहे. पण समोरचा म्हणेल, बेननी पुस्तकातलं सांगितलं. कोर्टाला फूल दाखवा. फूल दाखवलं की भाषण लागत नाही."

फूल आणायचे कुठून, हाच प्रश्न होता. भटूची तीनशे बारा रोपे फुलण्याआधीच उपटली गेली होती आणि सुरतेत दुसरीकडे अंबाडी कोणी लावलेली नव्हती. सरलाबाईने भावाला गावी निरोप धाडला. तिचा भाऊ वाल्मिक अमळनेरजवळ शेती करी. त्याच्या कपाशीच्या बांधाला अंबाडी उभी होती आणि नवरात्राच्या सुमारास ती फुलत असे. पण अंबाडीचे फूल सकाळी उमलते आणि दुपारी मिटते. अमळनेरला उमललेले फूल सुरतेच्या कोर्टात उपयोगाचे नव्हते. तेव्हा उद्या उमलतील अशा कळ्यांच्या फांद्या आदल्या दिवशी कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, पॅसेंजरने आणायचे ठरले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी वाल्मिक गोणपाटाचे बोचके कडेवर घेऊन श्रीरंगभाऊंच्या दारात उभा राहिला.

"काय हो भाऊजी, तुमनं सरकार आंबाडीले धरस आनि तुमीन माले तीच लई बलावतस! नंदुरबारले पोलीस डब्बामा चढना. म्हने, कडेवर काय शे? मी म्हनं, पोरगं शे, आजारी शे, तोंड उघाडू नका."

"आणि तो फसला?"

"नही फसना. त्यानी उघाडं, पाहं, आनि म्हने, आंबाडी का? कोनले नेस? तो शहादाना व्हता, आपलाच खानदेशी!" वाल्मिक स्वतःच मोठ्याने हसला.

पहाटेच तिथे येऊन थांबलेल्या सरलाबाईने फांद्या बादलीत उभ्या केल्या. सात कळ्या होत्या. आठच्या सुमारास चार उमलल्या: पिवळ्याधमक, मधोमध गर्द लाल डाग, तळहाताएवढ्या. ऊन चढेल तसे एकेक फूल वाटेत मिटू नये म्हणून सगळे रिक्षात बादलीवर ओले फडके धरून बसले.

कोर्टात मात्र त्यांचे प्रकरण बोर्डावर चौदावे होते. अकरा वाजले तेव्हा तिसरे चालू होते. साडेअकराला पाचवे. सरलाबाईची नजर घड्याळ आणि बादली यांच्यामध्ये ये-जा करत होती. एका फुलाच्या पाकळ्या आत वळू लागल्या.

देसाई अखेर उठले. "साहेब, एक विनंती आहे. आमचं प्रकरण आधी घ्यावं. अमारो पुरावो बार वाग्ये बंध थई जशे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले. "पुरावा बंद होईल म्हणजे?"

"मिटेल, साहेब. फूल आहे."

कोर्टात पुन्हा हशा पिकला, पण न्यायाधीशांनी बादली पुढे आणायला सांगितली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली: आधीच्या अर्जात आरोपीने हेम्प हा शब्द स्वतः कबूल केला आहे, तो आता मागे कसा घेता येईल? यासाठीच श्रीरंगभाऊंनी स्वतःचे शपथपत्र केले होते. ते टाइप करताना त्यांना मनात भीती वाटली नव्हती असे नाही. पत्र्याखालची जागा कोणाच्या लेखी परवानगीने मिळालेली नव्हती. चुकीचे अर्ज लिहिणारा माणूस, असा शिक्का बसला तर ती जायला एक दिवस पुरला असता. देसाईंनी सांगितले होते, तुमच्या नावाशिवाय भागवून बघू. श्रीरंगभाऊ नको म्हणाले होते.

ते पुढे जाऊन उभे राहिले.

"तुम्ही वकील आहात?" सरकारी वकिलांनी विचारले.

"नाही, साहेब."

"वनस्पतिशास्त्रज्ञ?"

"नाही. मी टाइपिस्ट आहे. आरोपीला इंग्रजी येत नाही; तो फक्त अंबाडी म्हणाला होता. हेम्प हा शब्द माझा. मी कोशात पाहिला आणि कायद्यात पाहिला नाही. कायद्यातलं पुढचं कलम वाचायला मला पंधरा दिवस उशीर झाला. त्याची शिक्षा त्याला होऊ नये."

ते उजवा कान न्यायाधीशांकडे करून उभे राहिले. न्यायाधीशांनी शपथपत्र वाचले, त्याला जोडलेली तीन रकान्यांची यादीही वाचली आणि अमेरिकेपुढच्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून विचारले, "हे काय?"

"दोन कागदांत मेळ बसेना, साहेब. खरं कोणतं ते मला ठरवता आलं नाही."

न्यायाधीशांनी मान डोलावली. मग गायत्रीबेननी पुढच्या कलमातला प्रजाती हा शब्द समजावून सांगितला आणि फांदी मेजावर ठेवली. तीन फुले अजून उघडी होती. न्यायाधीश थोडे पुढे झुकले.

"आ तो भींडानुं फूल छे," ते नकळत गुजरातीत म्हणाले. "आमच्या बंगल्यामागे आहेत."

"त्याच कुळातलं, साहेब," गायत्रीबेन म्हणाल्या. "भांगेच्या झाडाला असं फूल कोणत्याही देशात येत नाही."

फौजदारांना विचारले गेले. ते फांदीजवळ आले. त्यांनी देठावरून बोट फिरवले आणि काटा लागताच मागे घेतले. जप्त केलेल्या रोपांनाही असेच काटे होते, हाताला लागले होते, असे त्यांनी आपणहून सांगितले. हे सांगायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते, म्हणून इथे मुद्दाम नमूद करायला हवे. न्यायाधीशांनी भटूला जातमुचलक्यावर सोडण्याचा आणि सीलबंद नमुना आठवड्याभरात तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा आदेश दिला. नमुन्याचा निकाल अंबाडीचाच आला आणि दिवाळीनंतर प्रकरण बंद झाले.

संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकातून भटू बाहेर आला तो दाढी वाढलेला, पण हसत.

"आत मोठा मान व्हता मन्हा," तो म्हणाला. "तीनशे झाडंना मालक म्हनेत. आते भाईर कोन इचारस?"

"मी इचारस ना," सरलाबाई म्हणाली. "पहिले घर चाला. आंग धुवा."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघे पत्र्याखालच्या टेबलाशी आले. युनिटच्या मालकाने भटूला कामावर परत घ्यायची तयारी दाखवली होती, पण लेखी हमी मागितली होती: या जागेत पुन्हा काही लावणार नाही. श्रीरंगभाऊंनी कागद चढवला. त्यांना वाटले, भटू होच म्हणेल. महिनाभर तुरुंगात काढलेला माणूस आणखी काय म्हणणार?

"तसं नका लिखू, भाऊ," भटू म्हणाला. "लिखा, आंबाडी लावसू. पन मांगे भितडाजवळ नही. तठे लपाडेल वाटस. पुढे, फाटकजवळ, हायवेवरतीन दिसी अशी. फूलबी दिसी."

"मालक ऐकेल का?"

"तुमनं ते कलम जोडा. आनि ती देशेसनी यादी. वाची वाचीच तो सही करी टाकी."

श्रीरंगभाऊंनी गुजरातीत मजकूर तयार केला. रोपाच्या नावापाशी त्यांची बोटे थांबली. इंग्रजी कोश हाताशी होता. तो त्यांनी उघडला नाही. अंबाडी, असे लिहून पुढे 'भेंडी-जास्वंदीच्या कुळातली भाजी' एवढेच घातले आणि वाचून दाखवले. भटूने मान हलवली. सरलाबाई मात्र समाधानी दिसेना.

"भाऊ, आनि लिखा, ऋषिपंचमीना आदले दिन बाया येतीन. आधीच सांगेल बरं."

"किती बाया लिहू?"

सरलाबाईने बोटांवर मोजले. "यंदा अकरा व्हत्यात. आते पंचवीस धरा. नाव व्हई गयं ना आंबाडीनं."